एक दात मागे

मंगळवारी सकाळी पाद्रींची पांढरी गाडी एतुआलेच्या शेडकडे वळली तेव्हा ती दिसण्याआधी ऐकू आली. इंजिनाच्या पुढच्या बाजूने पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येत होता. गाडी चालवत होत्या पाद्रींच्या पत्नी. वाइसाउलु गावात त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे 'फालेतुआ', म्हणजे पाद्रीणबाई, म्हणतात. पाद्री मागच्या सीटवर बसून प्रवचनाची टिपणं वाचतात. गाडी फालेतुआ चालवतात आणि गाडीचं काय करायचं तेही त्याच ठरवतात.

"ऐकू येतंय ना, एतुआले?" काच खाली करत त्या म्हणाल्या. "रविवारी पाद्री नरकाबद्दल बोलत होते, आणि बाहेर कुणीतरी ही सावलीत लावायला सुरू केली. अख्खं चर्च हसलं. म्हणे, नरकातून उत्तर आलं."

एतुआलेने हसू आवरलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या पुढच्या झाकणाला टेकवून त्याने मूठ कानाला लावली. आवाज ओळखायला त्याला डोळ्यांची गरज नव्हती, आणि ते बरंच होतं, कारण दोन वर्षांपासून त्याचे दोन्ही डोळे धूसर झाले होते.

"टायमिंग चेन," तो म्हणाला. "ढिली पडलीय. तिला आधार देणारी आतली पट्टीही तुटली असेल."

"मला समजेल असं सांगा."

एतुआलेने भाचीकडे बघितलं. फुआतिनो हात पुसत पुढे आली. "खाली क्रँक फिरतो, त्याच्यावर पिस्टन. वर दोन कॅम फिरतात, ते व्हॉल्व्ह उघडतात. खालचं आणि वरचं एका ठेक्यात फिरायला हवं, म्हणून मध्ये चेन. ती ढिली झाली की दात सोडून उडी मारते. मग व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. अजून आदळले नाहीत, तोवर बदलून घेऊ."

"घेऊ म्हणजे, तुझा मामा बदलेल."

"मी नाही," एतुआले म्हणाला. "ही बदलेल."

फालेतुआंनी फुआतिनोला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. गुडघ्यापर्यंत खोचलेली लावालावाची लुंगी, हाताला ग्रीस, कानामागे पेन्सिल. "एतुआले, ही गाडी आहे. शिवणयंत्र नाही."

"शिवणयंत्र मला येत नाही, फालेतुआ," फुआतिनो म्हणाली. "गाडी येते."

फालेतुआ हसल्या नाहीत. गाडीतून उतरून त्यांनी किल्ली एतुआलेच्याच हातात दिली. "येत्या रविवारी पाद्रींचं प्रवचन आओपोच्या पलीकडे आहे. शनिवारी दुपारी बाराला मी येणार. गाडी झाली असेल तर उत्तम. नसेल तर सोमवारच्या बोटीने ती शहरात, आपियाला जाईल, आणि यापुढे प्रत्येक वेळी आपियालाच जाईल."

त्या चालत घरी गेल्या. त्यांच्या बोलण्याचा अर्थ दोघांनाही कळला होता. वाइसाउलुत पाद्रींची गाडी जिथे जाते तिथे गावातल्या बाकीच्या सव्वीस गाड्या जातात.

एतुआले सदुसष्ट वर्षांचा. सावाई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर चाळीस वर्षं त्याने ट्रक, बस आणि बोटींची इंजिनं दुरुस्त केली. ऑकलंडला राहणारा त्याचा मुलगा रोपाती दर रविवारी फोन करून 'आता इकडे या' म्हणत होता. फुआतिनो त्याच्या बहिणीची मुलगी, सत्तावीस वर्षांची. आपियाला तीन वर्षं शिकली, दोन वर्षं तिथल्याच गॅरेजमध्ये राबली आणि आठ महिन्यांपूर्वी मामाच्या शेडमध्ये आली. लोक तिच्याकडे ब्रेक देत, तेल बदलायला देत. इंजिन अजून कुणी दिलं नव्हतं. गेल्या आठवड्यात एतुआलेने जेवताना सांगून टाकलं होतं: हिने एक इंजिन एकटीने केलं आणि गावाने ते मानलं, तर शेड हिची. नाहीतर शेड मोडून तो ऑकलंडला जाईल आणि फुआतिनो परत आपियाला, दुसऱ्याच्या गॅरेजात.

"गावाने मानलं म्हणजे कुणी मानलं?" मामीने विचारलं होतं.

"फालेतुआंनी," एतुआले म्हणाला होता.

नवी चेन बुधवारी संध्याकाळी बोटीने आली. सोबत नवी पट्टी, सील आणि टेन्शनर, म्हणजे चेनला आतून दाबून ताणलेली ठेवणारा खटका. गुरुवारी सकाळी साडेसातला फुआतिनोने कामाला सुरुवात केली. तिची पद्धत ठरलेली होती. कामाचे टप्पे वहीत एकाखाली एक लिहायचे आणि टप्पा पुरा झाला की पुढे फुली मारायची. आपियाच्या गॅरेजात तिला ही सवय लागली होती. एतुआलेला या वहीची गंमत वाटे.

"मी चाळीस वर्षं डोक्यात ठेवलं."

"तुमचं डोकं मला मिळालं नाही, मामा. वही मिळाली."

दुपारपर्यंत जुनी चेन बाहेर आली. नवीशेजारी टांगली तर ती बोटाच्या नखाएवढी जास्त लांब भरली. पट्टीचे तीन तुकडे इंजिनाखालच्या तेलाच्या तळात सापडले. चार वाजेपर्यंत सगळं धुऊन झालं आणि ती जुळणीला लागली.

नव्या चेनमध्ये तीन कड्या तांब्याच्या रंगाच्या होत्या. एक खालच्या क्रँकच्या चाकावरच्या ठिपक्याशी जुळवायची, दोन वरच्या दोन कॅमच्या चाकांवरच्या ठिपक्यांशी. क्रँक बसला, धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्टचा कॅम बसला. हवा आत घेणारा इनटेकचा कॅम मात्र जागेवर थांबेना. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याला खालून ढकलत होत्या आणि सोडला की तो थोडा मागे वळत होता. फुआतिनोने त्याला पाना लावला, किंचित पुढे ओढून धरला, दुसऱ्या हाताने तांब्याची कडी ठिपक्यावर आणली आणि चेन दातांवर टेकवली. तिन्ही खुणा जुळल्या. मोकळ्या झालेल्या उजव्या हाताने कानामागची पेन्सिल काढली आणि वहीत चौदाव्या ओळीपुढे फुली मारली: चेन खुणांवर.

तेवढ्यात घंटा झाली. नीरफणसाच्या झाडाला टांगलेला गॅसचा रिकामा सिलिंडर कुणीतरी लोखंडाने ठोकत होतं. साडेसहा वाजले होते. रस्त्याच्या कडेला गावातले तरुण अंतराअंतराने येऊन उभे राहिले. येणारी बस त्यांना बघून थांबली आणि तिचं इंजिन बंद झालं. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळात गावात कुणी चालत नाही, कुणी काम करत नाही.

"फुआतिनो!" घरातून एतुआलेने हाक दिली.

"आले, मामा. एकच मिनिट, हातात पाना आहे."

"मग ठेव. देवासमोर पाना घेऊन बसतात का? हात रिकामे कर आणि ये."

तिने पाना ठेवला, हात धुतले आणि चटईवर जाऊन बसली. मामीने नेहमीप्रमाणे गाणं फार वरच्या पट्टीत उचललं. दुसऱ्या कडव्यापर्यंत घरातले बाकीचे गप्प झाले आणि मामी एकटीच वर राहिली. एतुआलेने प्रार्थना सांगितली. तीत पाद्रींच्या गाडीचाही उल्लेख होता.

पावणेसातला दुसरी घंटा झाली. फुआतिनोने शेडमधला दिवा लावला आणि वही बघितली. चौदा झालं होतं. पंधरा: पुढचं झाकण, सिलिकॉन लावून. सोळा: टेन्शनर, बाहेरून. सतरा: हाताने दोन फेरे फिरवणे, काही आदळत नाही ना बघणे. पंधरा आणि सोळा उरकून, क्रँकला लांब पाना लावून तिने इंजिन दोन फेरे फिरवलं. कुठे काही अडलं नाही, आदळलं नाही. वरचं झाकण लावलं. सिलिकॉन रात्रभर सुकू द्यायचं होतं, म्हणून काम तिथेच थांबवलं.

"झालं?" एतुआलेने विचारलं.

"सकाळी तेल घालून सुरू करायची फक्त."

मामीने तिच्या ताटात तारोच्या कंदाचा एक तुकडा जास्त वाढला.

शुक्रवारी सकाळी सात वीसला गाडी सुरू झाली, पण ती ऐकून कुणालाही आनंद झाला नाही. खिळ्यांचा आवाज गेला होता. त्याच्या जागी सगळी गाडी थरथरत होती. रेस दिली की हवेच्या नळीतून फट् फट् असा आवाज परत येई आणि इंजिन गुदमरल्यासारखं होई. फुआतिनोने दहा सेकंदांत किल्ली फिरवून बंद केली.

मामी स्वयंपाकघरातून पॅनकेकांची परात घेऊन निघाली होती ती दारातच थांबली. "आधी बरी खडखड करत होती," ती म्हणाली.

"तू आत जा," एतुआले म्हणाला.

"मी जाते. परात ठेवू का नेऊ?"

"परात ठेव."

एतुआले चहाच्या पेटीवर बसला. अजून अठ्ठावीस तास हातात होते.

"प्लग काढते," ती म्हणाली. "कंप्रेशन बघू."

चारही प्लग काढून तिने एकेका भोकात दाब मोजायचं घड्याळ बसवलं आणि मामाला किल्ली फिरवायला सांगितली. पहिल्यात एकशे पंचवीस पाउंड. दुसऱ्यात एकशे पंचवीस. तिसऱ्यात एकशे वीस. चौथ्यात एकशे पंचवीस. मंगळवारपर्यंत खडखडत का होईना, चालणारं इंजिन होतं हे. त्यात एकशे ऐंशीच्या आसपास भरायला हवं होतं.

"व्हॉल्व्ह वाकले," एतुआले जड आवाजात म्हणाला.

"नाही, मामा. व्हॉल्व्ह वाकला असता तर एकात शून्य आलं असतं, दोनांत आलं असतं. चारही एकसारखे वाकत नाहीत. चारही सारखेच कमी आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे कुठे गळत नाहीये. व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी बंद होतायत. चारही."

एतुआलेने मान हलवली. हे त्याला पटलं. तिने वरचं झाकण काढलं, क्रँक पहिल्या खुणेवर आणला आणि दोघं वाकून बघू लागले. एतुआलेने नाक चेनच्या अगदी जवळ नेलं. तांब्याच्या कड्या ठळक होत्या, तेवढ्या त्याला दिसल्या. एक मागच्या बाजूला होती, दुसरी कुठेतरी खाली निघाली होती. ठिपक्यांपाशी एकही नव्हती.

"अगं, सगळंच सरकलंय!" तो सरळ झाला. "पाच-सहा दात. उघड पुन्हा. पुढचं झाकण, तेलाचा तळ, सगळं. नाहीतर सालेलोलोंगाच्या मेकॅनिकला, लोमीला फोन करतो, तो येईल दुपारच्या बसने."

"लोमी नको."

"मग मी सांगतो ते कर."

"मामा, तांब्याच्या कड्या फक्त बसवताना बघायच्या असतात. चेनच्या कड्या आणि चाकांचे दात यांचा हिशोब सारखा नाही. इंजिन फिरलं की कड्या पुढे निघून जातात. पुन्हा तिन्ही ठिपक्यांवर यायला कितीतरी फेरे लागतात. काल हाताने फिरवली तेव्हाच त्या निघाल्या."

"माझ्या ट्रकमध्ये खुणा दोन फेऱ्यांनी परत समोर येतात. दर वेळी."

"तुमच्या ट्रकमध्ये चाकाला चाक भिडलेलं. मध्ये चेन नाही."

बायकोसमोर, गावासमोर एतुआलेने हे काम हिला दिलं होतं. डोळे त्याचे चालत नव्हते, आणि हिचं बोलणं खरं की तो स्वतः खरा, हे बघून ठरवायची सोय त्याला उरली नव्हती. सगळं पुन्हा उघडलं तर सिलिकॉन सुकेपर्यंत शनिवारची दुपार उलटून जाईल, हे दोघांनाही माहीत होतं.

"मग काय बघायचं?" शेवटी त्याने विचारलं.

"ठिपके. कड्या सोडून द्या. चाकांवरचे ठिपके इंजिनाच्या हेडच्या वरच्या कडेला समांतर, एकमेकांसमोर यायला हवेत." तिने मामाची मोजायची पोलादी पट्टी हेडवर आडवी ठेवली. एक्झॉस्टच्या चाकाचा ठिपका पट्टीला अगदी चिकटून होता. इनटेकच्या चाकाचा तिच्याखाली गेला होता, थोडासाच. तिने दात मोजले, मग बोट धरून मामाला मोजायला लावले.

"एक," एतुआले म्हणाला.

"एक. इनटेक एक दात मागे. बाकी सगळं जागेवर आहे."

"पण एक दात जाईल कसा? तू काल बसवलीस तेव्हा?"

"बरोबर होती. हे बघा." तिने वही उघडली. "चौदा. फुली मारलीय. तिन्ही खुणा जुळल्यावर मारली, मामा. शपथ."

"शपथ घेऊ नकोस, आठव. फुली मारताना डावा हात कुठे होता?"

"पान्यावर. कॅम मागे वळत होता, तो धरून ठेवला होता."

"मग?"

"मग घंटा झाली."

एतुआलेने पॅनकेक उचलला होता तो परत परातीत ठेवला. टेन्शनर अजून बसायचा होता. चेन सैल. पाना सुटल्यावर स्प्रिंगांनी कॅम मागे ढकलला असणार आणि सैल चेनवरून एक दात निसटला असणार. आवाजसुद्धा झाला नसेल. झाला असला तरी त्या वेळी मामी गात होती.

"पाना कुणी ठेवायला सांगितला?" त्याने विचारलं.

फुआतिनोने चेनकडे बघितलं.

"विचारतोय मी."

"तुम्ही."

त्याने डोक्यावरची टोपी काढली. "चाळीस वर्षं सांगत आलोय सगळ्यांना," तो म्हणाला. "हात रिकामे करा. माझ्या इंजिनात चाकाला चाक असतं. पाना ठेवला तरी काही हलत नाही."

"परत आल्यावर मी ठिपके बघायला हवे होते. वहीत फुली होती म्हणून बघितले नाहीत."

"ते तुझं. पाना माझा." त्याने टोपी घातली. "लोमीला फोन करत नाही. सांग, मी काय धरू?"

पुढचं झाकण उघडायची गरज नव्हती. टेन्शनर बाहेरच्या बाजूला दोन नटांवर बसला होता. तो काढला की चेन आपोआप सैल पडणार होती. पण सैल पडलेली चेन दुसरीकडेही निसटू शकते, म्हणून फुआतिनोने आधी एक्झॉस्टच्या चाकाला चेन दोन ठिकाणी तारेने घट्ट बांधली. क्रँकच्या पान्याखाली लाकडाचा ठोकळा दिला. मग टेन्शनर काढला. मग इनटेकच्या कॅमला दाबून धरणारे पूल एकेक करून, बाहेरून आत, थोडे थोडे सैल केले. घाई केली असती तर कॅम वाकडा उचलला जाऊन मोडला असता. या एका कामाला तिने पाऊण तास घेतला. मामीने दोनदा डोकावून बघितलं आणि दोन्ही वेळा न बोलता परत गेली. तिच्यासाठी हे मोठंच होतं.

कॅम उचलला गेल्यावर फुआतिनोने चेन एक दात सरकवली आणि कॅम परत बसवला. पूल आवळले.

"आता पाना," ती म्हणाली.

एतुआलेने पाना कॅमच्या षटकोनावर बसवला. त्याला ठिपका दिसत नव्हता, पण हातांत अजून होडी ओढायची ताकद होती.

"पुढे. थोडा. अजून केसभर. थांबा."

"थांबलो."

"सोडू नका."

"सोडत नाही."

"घंटा झाली तरी?"

"तू काम कर," एतुआले म्हणाला.

तिने टेन्शनर दाबून त्याची आकडी अडकवली, जागेवर बसवला आणि दोन्ही नट आवळले. क्रँक किंचित उलटा फिरवल्यावर आकडी सुटली आणि खट् असा आवाज झाला. चेन ताणली गेली. मामा पाना धरून तसाच उभा होता. 'सोडा' म्हटल्यावरही त्याने एक क्षण वाट बघून सोडला. कॅम हलला नाही.

तारा काढल्या. दोन फेरे फिरवले, पोलादी पट्टी ठेवली: दोन्ही ठिपके पट्टीला लागून. आणखी दोन फेरे. आणखी दोन. तांब्याच्या कड्या तेवढ्या वेळात कुठल्या कुठे फिरून आल्या.

"किती वेळा बघशील?"

"आठ फेरे."

"वहीत लिहिलंय?"

"आत्ता लिहिलं."

कंप्रेशन चारही ठिकाणी एकशे ऐंशीच्या वर भरलं. पाच वाजून दहा मिनिटांनी तिने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि लगेच इतकं शांत झालं की एतुआलेने पुढच्या झाकणावर तळहात ठेवून खात्री करून घेतली.

मामी बाहेर आली. "बंद पडली का गं?"

"चालू आहे, मामी."

मामीने कान दिला. मग शेडमध्ये येऊन तिने बॉनेटवर तिच्या हातातलं केळं ठेवलं. ते थरथरलं नाही. "चालू आहे," ती एतुआलेला म्हणाली, जणू त्याला हे कळलं नसावं.

शनिवारी फालेतुआ बाराऐवजी अकरा चाळीसला आल्या. गाडी धुऊन शेडसमोर उभी होती. त्यांनी आत बसून सुरू केली, काच वर करून ऐकलं, खाली करून ऐकलं. मग इंजिन चालू ठेवून उतरल्या.

"काल सकाळी ही खोकत होती," त्या म्हणाल्या. "पाद्रींनी घरातून ऐकलं. पॅनकेक खाताना त्यांचा हात थांबला. काय झालं होतं?"

एतुआलेने भाचीच्या कोपराला हळूच धक्का दिला. आदल्या रात्री तो तिला म्हणाला होता की चालणाऱ्या गाडीबद्दल जास्त बोलायचं नसतं.

"इनटेकचा कॅम एक दात मागे बसला होता," फुआतिनो म्हणाली. "चेन बसवून मी प्रार्थनेला गेले, तेवढ्यात सरकला. परत आल्यावर मी खुणा तपासल्या नाहीत. ती माझी चूक. काल सापडली, काल दुरुस्त केली."

"म्हणजे आमच्या घंटेने बिघडवली?"

"घंटेने नाही. पाना सुटल्याने."

"पाना मी सोडायला लावला," एतुआले मध्येच म्हणाला. "ती म्हणत होती, एक मिनिट. मी म्हटलं, हात रिकामे कर. म्हणजे चूक माझी."

"तपासायचं माझं होतं, मामा."

"धरायचंही तुझंच होतं, मी धरू दिलं नाही."

फालेतुआंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "गावात कुणाच्या चुकीसाठी माणसं भांडतात तेव्हा ती दुसऱ्यावर ढकलायला भांडतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं ओढताय." मग फुआतिनोला म्हणाल्या, "पुढच्या वेळी पाना धरूनच प्रार्थना कर. मी पाद्रींना सांगते. देवाला हातातलं दिसतं, हातात का आहे तेही दिसतं."

"हो, फालेतुआ."

"पण इथे उभी राहून सगळ्याच गाड्या शांत वाजतात. बसा दोघं. आओपोच्या चढावर जाऊन येऊ."

फुआतिनो पुढे बसली, एतुआले मागे, पाद्रींच्या जागेवर. किनाऱ्याचा रस्ता सोडून गाडी आत वळली. नारळीची बागायत संपली, काळ्या लाव्हाची शेतं लागली, मग झाडी दाटली आणि चढ सुरू झाला. फालेतुआ गाडी तशी वेगात चालवतात, प्रवचनाला उशीर झालेला नसतानाही. पहिल्या वळणावर त्यांनी पाय दाबला. इंजिनाने आवाज चढवला आणि गाडी ओढून नेली. कुठे गचका नाही, फट् फट् नाही. दुसऱ्या वळणावर तारो लादलेला एक छोटा ट्रक होता. फालेतुआंनी हॉर्न वाजवून त्याला मागे टाकलं आणि ट्रकवाल्याला हात केला. तो त्यांना ओळखत होता आणि वेळेवर बाजूला झाला होता.

"याच जागी ही दर वेळी दम टाकायची," फालेतुआ म्हणाल्या. "वर्षभर."

"चेन वर्षभर ढिली असणार," फुआतिनो म्हणाली. "आवाज नंतर आला."

चढाच्या माथ्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून थोडा वेळ बसल्या. खालून वारा येत होता. समुद्र झाडांच्या वर दिसत होता. एतुआलेला तो निळ्या पट्ट्यासारखा दिसला असावा, कारण त्याने मान त्याच दिशेला वळवली होती.

"एसी गार करत नाही," फालेतुआ म्हणाल्या. "मागे पाद्रींना घाम येतो आणि त्यांच्या टिपणांची शाई पसरते. मंगळवारी आणू का?"

"मंगळवारी ठीक..." एतुआलेने सुरुवात केली.

"तुम्हाला नाही विचारलं, एतुआले."

फुआतिनोने मनात आठवडा मोजला. "मंगळवारी नको. बसचे ब्रेक घेतलेत, ते दिवसभराचं काम आहे. बुधवारी आणा. पण सकाळी आठच्या आत, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेपूर्वी होईल."

"पाद्रींच्या गाडीला तू वेळ लावून देतेस?"

"सगळ्याच गाड्यांना देते."

फालेतुआंनी आरशात एतुआलेकडे पाहिलं, पण तो समुद्राकडेच बघत होता. "बरं," त्या म्हणाल्या. "बुधवार. आठच्या आत." त्यांनी गाडी वळवली.

उताराला लागल्यावर मागून एतुआले बोलू लागला. "उद्या रोपातीचा फोन येईल. त्याला सांगतो, तिकीट काढ म्हणून."

फालेतुआंचा पाय ब्रेकवर गेला. "म्हणजे जाताय? आणि शेड?"

"जाण्या-येण्याचं तिकीट. दोन महिन्यांचं. नातवंडं बघतो, डोळे दाखवतो, परत येतो." तो सीटवर मागे रेलला. "शेडला काय झालंय? शेडमध्ये माणूस आहे."

फुआतिनो कान देऊन बसली होती. उतारावर पाय सोडल्यावर इंजिनाचा आवाज कसा खाली येतो ते ती ऐकत होती. तो सारखा, सलग खाली येत होता. मामाचं शेवटचं वाक्य तिच्या अर्धवटच कानावर पडलं, आणि तिने त्याला ते पुन्हा सांगायला लावलं.